तुरटी

तोंड आलं म्हनतात.
जसा कोनी पाव्हना आला,
न सांगता, सातऱ्यावरून माझ्याच मांगं मांगं,
अन् खालच्या ओठाच्या आत
पाट मांडून बसला.

एक फोड जिभेच्या शेंड्यावर, दोन गालात.
पांढऱ्या, ज्वारीच्या दान्याएवढ्या, काठ लाल.
ओठ उलटा करून आरशात पाहिलं
तर वाटलं, मिरचीचंच बी रुजलं.

आमी मांढळच्या सातऱ्यावर मिरचीचे देठ मोडतो.
पोत्याच्या वजनावर पैसे.
नाकाले ओढनी, बोटाले खोबऱ्याचं तेल,
तोंड मात्र मोकळं.
माझं तर जरा जास्तच.
मुनीम म्हने, "या बाईचं तोंड अन् बाजारातला भोंगा,
दोन्ही एकाच कंपनीचे."

त्या दिवशी मी मुकी,
तर साऱ्याजनींले कंठ फुटला.
रेसाबाई म्हने जांबाचा पाला चाव,
शेंड्याचाच, जून नको,
रस गालात धर अन् थुक.
पंचफुला म्हने छट्, जाईची पानं!
जाई कुठली? त्या गोडाउनच्या कंपाउंडवर,
चौकीदार झोपला की.
दगडाबाई म्हने बाभळीची साल उकळ,
कोमट झाली की गुळन्या कर.
तिच्या तोंडात एकबी दात नाही,
तरी आमी तिचंच खरं मानलं.
अन् कोनाची तरी नवी सून,
मोबाइलमधून डोकं वर न काढता,
"मामी, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या."

जांब चावला. जीभ पायपोसावानी झाली,
पन घडीभर आग विसरली.
जाई चोरली. कडू.
डब्बा उघडला तं वांग्याचं भरीत, माझ्याच हातचं, लालभडक.
झाकन लावून टाकलं.
रेसाबाईनं आपला ताकभात पुढं सरकवला
अन् म्हने, आज मले भूकच नाही.

सांजेले काट्यानं माझ्या पोत्यातला
अर्धा किलो खाल्ला.
मी पाहिलं.
मी पाहिलं, हे मुनीमानंबी पाहिलं.
बोलाले गेली तं नुसतं "आ" निघालं.
त्यानं वही मिटली.

रात्री शेषरावनं खिशातून तुरटी काढली.
दुकानातली, बसस्टँडजवळच्या.
गावभरच्या गालांवर फिरून फिरून
साबनाच्या वडीवानी गुळगुळीत झालेली.
मी जोरात मान हलवली.
"तीनदा धुतली," तो म्हने.
मी पुन्हा मान हलवली.
मंग त्यानं वरवंट्यानं ती फोडली,
आतला चुरा चिमटीत घेतला.
"हा मधातला हाये.
याले कोनाचा गाल लागला नाही."

कोमट पान्यात घोळून गुळन्या केल्या, अंगनात, तीन.
मंग बोटावर तूप घेऊन तो जवळ आला.
किती जनांच्या गळ्याशी वस्तरा नेला असन त्या हातानं,
पन माझ्या ओठापाशी कापत होता.

अन् मंग तो बोलला.
अठरा वर्सांत मले वाटे
याच्याजवळ बोलाले काई नाहीच.
"एक गिऱ्हाईक हाये," म्हने.
"रोज येते. दाढी वाढलेली नसते.
मी नुसताच साबन लावतो,
नुसताच उलटा वस्तरा फिरवतो.
घरी त्याच्यासंग कोनी बोलत नाही."
पैसे? मी बोटानंच विचारलं.
"नाही घेत."

दुसऱ्या रात्री त्यानं कातर सांगितली,
बापानं पहिल्यांदा हाती दिलेली,
तिचा आवाज कसा होता ते.
तिसऱ्या रात्री काय सांगितलं ते मी
सातऱ्यावर नाही सांगनार.

पाचव्या दिवशी चहा लागला नाही,
गरम, गोड, सरळ आत गेला.
सातऱ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या
तो अर्धा किलो काढला, भोंग्यासकट.
पाव मिळाला.

घरी आली.
शेषरावनं विचारलं, "बरं वाटते?"
मी काईच बोलली नाही.
ओठ उलटा केला, बोट लावून दाखवलं,
इथं, अजून, जरासं.

तो उठला.
वरवंटा शोधाले लागला.