मुद्देमाल

रात्रीचे दहा बावीस. पार्कसाइट.
जीप वळली तेव्हा गल्लीत नुसता धूर
आणि लाल कागदांचा सडा, अजून गरम.
कोणी फोडले? कुणीच नाही.
गॅलरीत चार पोरं, हात पाठीमागे,
अंगाला दारूचा वास, शोभेच्या.
आवाज मोजायचं यंत्र माझ्या हातात,
त्यानं मोजलं जिन्याखालच्या कुत्र्याचं कण्हणं,
मग माझीच धाप.

शेडगे पानवाल्याच्या फळीखाली मात्र सापडलं:
सुतळी बॉम्ब, नग छत्तीस, विनापरवाना,
खोक्यावर लक्ष्मी.
पंचांनी सह्या केल्या. त्यातला एक हळूच म्हणाला,
साहेब, पोरीसाठी एखादी फुलबाजी निघते का बघा ना.

चौकीमागच्या निळ्या पिंपात
साबुदाणा भिजत घालावा तसे घातले.
सकाळी सुतळी सैल,
पाण्यावर चंदेरी साय.
काठी मिळेना, हातानंच ढवळलं.

तेव्हापासून नखं चकाकतात.
साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही.
भाऊबीजेला ताईनं पाट मांडला,
ओवाळता ओवाळता माझा हात धरून बघत राहिली:
या वयात फटाके उडवलेस, बाबू?

नाही, म्हणालो.
तेवढ्यात खिडकीच्या काचा हलल्या.