सात नंबरची बिजागरी

दामूनानांकडे साचा एकच होता, सागवानी,
तीन इंची बिजागरीचा.
नंबर मात्र सात.
का सात, तर गिऱ्हाइकाला वाटावं
आधीचे सहा आहेत.

चांपानेर दरवाज्याच्या आत साडेनऊ फूट रुंद दुकान,
मागे भट्टी, मध्ये गोणपाटाचा पडदा.
मुशीत जस्त पडलं की पांढरा धूर उठायचा
आणि रात्री नानांना हुडहुडी.
आजी दूध-गूळ पुढे ठेवी, काही विचारत नसे.
सकाळी पुन्हा वाळू, काकवी, ठोकणं.

जग म्हणतं पितळ उघडं पडलं,
म्हणजे लाज गेली.
आमच्याकडे ती म्हण कधी वापरली गेली नाही.
गिऱ्हाइकासमोर नाना कानस काढत,
बिजागरीच्या पोटावर दोन हात मारत:
घ्या, पाडलं उघडं. आतही तेच आहे.

मग वडील. नफ्यात अर्धे, उधारीत पूर्ण.
त्यांनी कड्या आणल्या, कोयंडे, मग नळ.
उस्मानभाई खराडींना मांडवीतून उचलून
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये बसवलं,
लेथसकट, आणि लेथवर राहणाऱ्या कबुतरासकट.
नळाचे आटे उस्मानभाई डोळे मिटून तपासत.
दीकरी, आंगळी खोटुं ना बोले.

नळ आले तसं क्रोम आलं.
पितळ झाकायचे आम्ही पैसे घेऊ लागलो.
पहिला चकचकीत नळ नानांनी हातात धरला,
त्यात त्यांना स्वतःचं नाक भलतंच मोठं दिसलं.
म्हणाले, छान आहे.
आणि कानस शोधू लागले.
ती मी लपवली होती, नऊ वर्षांची मी,
वडिलांनी डोळ्यांनी सांगितलं म्हणून.

एका वर्षी विश्वामित्री शेडमध्ये कमरेइतकी आली.
लाकडी साचे तरंगत फाटकाबाहेर गेले,
चलनं, पावत्या, कॅलेंडरातले देव, सगळे त्याच वाटेने.
पितळ बसून राहिलं जिथल्या तिथे, चिखल पांघरून.
आईने बादलीभर चिंच भिजत घातली.
क्रोमला जायचे राहिलेले एकशे चाळीस किलो नळ
आम्ही बायकांनी अंगणात बसून घासले.
हे कुठल्या ताळेबंदात नाही.
मी सांगू शकते, ताळेबंद मीच लिहिते.

आता धाकटा भाऊ. सीएनसी दोन, माणसं बावन्न,
फाटकावर आमच्या नावाची अक्षरं, स्टीलची.
मागच्या महिन्यात ऑर्डर आली: बिजागऱ्या, तीन इंची,
रंग जुन्या पितळेचा.
आत जस्ताचा मिश्रधातू चालेल, रंग तेवढा हवा.
भाव असा की नाही म्हणवत नाही.
सॅम्पल माझ्या टेबलावर आहे. हलकं.
पंखा लावला की वाटतं, उडेल.

त्याच आठवड्यात रावपुऱ्यातला कुठलासा दवाखाना पाडला,
त्याचं भंगार काट्यावर आलं,
आणि पोत्यातून एक बिजागरी घरंगळली.
पाठीवर सात. उलटा.
आकडा शिक्क्यासारखा उलटाच कोरायचा असतो
असं नानांना वाटलं होतं,
आणि चूक कळेपर्यंत
बाजार त्यांना उलट्या साताचे म्हणूनच ओळखू लागला होता.

भाऊ म्हणाला, फ्रेम करू, बाहेरच्या खोलीत लावू.
वडिलांनी ती उचलली, एकदा उघडली, एकदा मिटली.
कुरकुर नाही.
दोनशे दहा ग्रॅम, मला म्हणाले,
भंगाराच्या भावाने मांड.
आणि मुशीत टाकली.

त्या ओतात चाळीस नळ निघाले.
कुठल्यात गेली, सांगता येणार नाही.
सगळे क्रोमला रवाना झाले शुक्रवारी.

ऑर्डरचं भाऊ रोज विचारतो.
वडील म्हणतात, ताईला विचार, हिशेब तिच्याकडे आहे.
उत्तर अजून गेलेलं नाही.
कानस कुठे लपवली होती
ते मला चांगलं आठवतं.