बोंबील नसलेला दर्या

गुडघ्याची वाटी बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, दीड महिना
बाजार नाही, पाटी नाही, ओली फरशी तर नाहीच नाही.
आठ दिवसांत आई इतकी चिडली
की भिंतीवरच्या कॅलेंडरशी भांडायला लागली.
म्हणून मी भाच्याचा गेम टीव्हीला जोडला
आणि खारदांड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत
समुद्र सोडला.

"जाळं कुठल्या बटणानं पडतं?"
जाळं नाही, आई.
"मग गळ?"
गळही नाही. नुसतं पोहायचं. बघायचं.
हवा संपत नाही, कुणी मरत नाही,
जवळ गेलं की माशाचं नाव येतं, एवढंच.
तिनं रिमोट उलटासुलटा केला.
"मग एवढी बटणं कशाला?"

पहिले दोन दिवस ती सगळ्यांवर आपटत गेली,
प्रवाळावर, कासवावर, बुडालेल्या जहाजाच्या डोलकाठीवर.
तिसऱ्या दिवशी हात बसला.

कामावरून येते तर दिवा न लावलेली निळी खोली,
उशीवर पाय, पायावर पाण्याचा उजेड,
आणि आई एका सुरमईसमोर थांबलेली.
सुरमई नव्हतीच ती. कुठल्या लांबच्या पाण्यातली तिची चुलत बहीण.
खाली इंग्रजी नाव. आईला ते वाचता येत नाही,
आणि वाचून करायचंय काय.

"चाळीस वर्षं," ती म्हणाली,
"कल्ला उचलून गिऱ्हाइकाला दाखवला. बघ बाय, लालभडक.
आता बघ गो,
हा आपणहून उघडतोय.
मिटतोय. उघडतोय."

मग बराच वेळ काही बोलली नाही.
खाली कुणाच्या तरी स्कूटरचा अलार्म वाजत राहिला.

फिजिओथेरपीची मुलगी येते, रेनिता.
"चांगुणाबाई, पाऊल वर, पाऊल खाली, वीस वेळा."
आई पाचातच कंटाळायची.
आता पडद्यावर पाखट येतं, अंगणाएवढं,
ते पंख हलवतं तसं ती पाऊल हलवते,
मोजायचं विसरते. रेनिताही विसरते.
शेजारची हौसाबाय देवमासा ऐकायला येते,
म्हणते, थेट आमच्या थोरल्या दिराचं घोरणं.
वाढव गो आवाज.

काल रात्री मात्र आईचं बिनसलं.
सगळा नकाशा पालथा घातला, बर्फाखालून जाऊन आली,
मासे जिथं स्वतःचे दिवे स्वतः लावतात
तिथवर उतरली,
आणि रिमोट गादीवर टाकला.
"अख्ख्या दर्यात एक बोंबील नाही?
कसला यांचा दर्या!"

म्हणाली, लिही त्यांना.
ती सांगते, मी लिहिते:
अंग मऊ, हातात न ठरणारं. उजेडाला धरलं तर आरपार.
जबडा थोराड, दात आत वळलेले.
रंग...
रंगावर थांबली.
तिला ठाऊक होता तो बर्फावरचा रंग,
पहाटेच्या भाऊच्या धक्क्यावरचा,
वलांडीवर उन्हात सुकतानाचा.
पाण्यातला?
चाळीस वर्षांत कुणी विचारलाच नव्हता.
तिनंही नाही.

दोन टॉवरांच्या फटीतून
ओहोटीचा काळा पट्टा दिसत होता.
तिकडे बघत म्हणाली,
"ते मोकळं ठेव.
रंग तुम्हीच शोधा म्हणावं.
आणि हे घाल,
कळपानं येतात ते.
एकटा दाखवू नका."