सीताफळाच्या बिया

दिवाळीनंतरच्या एका दुपारी सुजातनं
सीताफळाच्या बिया थुंकल्या नाहीत.
गालात धरून गॅलरीपर्यंत नेल्या
आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात
एकेक खुपसली, बोटाच्या पेरापर्यंत.
मोजल्या का, कळायला मार्ग नव्हता.
साडेतीन वर्षांचा होता. बोलत नव्हता.

आकडे माझ्याकडे होते.
फ्रिजला चुंबकानं चिकटवलेला तक्ता:
पहिला शब्द कितव्या महिन्यात, वाक्य कधी.
जाऊबाईंचा प्रज्वल तर याच वयात
अजनी स्टेशनची पाटी वाचायचा.
धंतोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
कान चांगले आहेत, समज आहे, येत राहा.
मी जात राहिले.
घरी येऊन चेंडू तोंडासमोर धरायचे,
म्हण ना राजा, चें...
तो चेंडू घ्यायचा. ओठ मिटायचा.

शिवरात्र झाली. डब्यात नुसती माती.
एका रात्री तो झोपल्यावर
मी भाजीचा चमचा घेऊन गेले आणि उकरलं.
एक बी जशीच्या तशी, काळी, चकचकीत.
दुसरीही तशीच.
तिसरीला खालून काही पांढरं फुटलं होतं,
मुगाच्या मोडाएवढं.
ते चमच्याच्या कडेला तुटून आलं.

माती सारखी केली. हात धुतले.
कुणाला सांगितलं नाही.

काटोल रोडच्या नर्सरीत झिंगरूजींना तेवढं सांगितलं,
मोगरा निवडता निवडता,
दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं.
पोत्यावर बसून ते पिशव्यांत माती भरत होते.
मान वर न करता म्हणाले,
"उकरलं काहून? आता कुठं तिनं खाली पाय टाकला होता.
सीताफळ हाय बाई ते, मेथी थोडीच हाय."
आणि मोगऱ्याचे दहा रुपये कमी केले.

त्यानंतर मी डब्यात डोकावलेच नाही, असं म्हटलं तर खोटं होईल.
डोकवायचे. चमचा नेला नाही, एवढंच.
तक्ता अजून फ्रिजवर आहे,
त्याच्या पाठीवर दुधाचा हिशेब लिहिते.

कूलरला नवा वाळा भरला त्या आठवड्यात
सुजातनं ओढणी धरून मला गॅलरीत नेलं.
डब्यात एक वाकलेला देठ,
डोक्यावर काळ्या बीची टोपी, घट्ट,
आत पानं अडकलेली.
मला राहवलं नाही.
नखानं अलगद काढावी म्हणून हात पुढे केला,
त्यानं माझं मनगट धरलं.

बोलला नाही.

ऊन डब्याच्या कडेवर आलं होतं, दहाचंच, पण चटका देणारं.
आम्ही दोघं उकिडवे बसून राहिलो.
कूलरच्या टाकीत पाणी भरायचं राहून गेलं.