अंधाराचं बिल

करारात लिहिलं होतं : दोन धागे, काळे,
एकेचाळीस किलोमीटर, महिन्याला अमुक युरो.
मी आरागिरणीची हिशेबनीस.
बाकीच्या बिलांमागून काहीतरी येतं,
डिझेल येतं, वीज येते, करवतीचं नवं पातं येतं.
हे वीजवाले म्हणतात, आम्ही काहीच पाठवणार नाही.
काच आमची. उजेड तुमचा तुम्ही आणा.
म्हणजे विहीर भाड्याने, तीही कोरडी,
आणि पाणी भाडेकरूने ओतायचं.
मालक यालमारी हसला नाही.
म्हणाला, तुओवीबरोबर जा,
बघून ये आपण काय घेतोय ते.

उणे बावीस. सकाळचे नऊ, म्हणजे रात्रच.
सोत्कामोच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या कडेला
तुओवी कार्पिनेन फावड्याने बर्फ उपसते,
मी बॅटरी धरून उभी.
झाकणावर पहारीचे दोन ठोके,
आणि खाली, जमिनीच्या पोटात,
मांडीएवढं काळं नळकांडं.

शहाण्णव आहेत यात, ती म्हणाली. अकरा पेटलेले.
पंच्याऐंशी तेव्हापासून नुसते पडून.
खणायचा खर्च एकदाच, म्हणून घातले भरपूर,
वाटलं होतं पुढच्या उन्हाळ्यात लागतील.
पुढचा उन्हाळा आला.
मग अजून बावीस आले.

पेटलेले कुठले?
तसं दिसत नाही.
पेटलेला आणि न पेटलेला, केसाला केस सारखा.
तरी डोळ्याजवळ नेऊ नकोस,
हा उजेड डोळ्याला कळत नाही, नुसता जाळतो.

तिच्या यंत्रावर एक रेघ होती,
टेकडी उतरावी तशी सावकाश उतरणारी,
आणि सतरा किलोमीटर चारशे मीटरवर
एक पायरी.
तिथेच उभ्या होतो आम्ही, त्या पायरीवर.

डबा उघडला. आतल्या तबकात
निळे, नारिंगी, हिरवे, तपकिरी वेटोळे,
कुणीतरी सणाला बसल्यासारखे निगुतीने घातलेले.
पेंटीचा हात, ती म्हणाली.
नऊ वर्षं झाली त्याला जाऊन.
तबक खडखडायचं म्हणून त्याने खाली
ज्येष्ठमधाच्या गोळीचा कागद घडी करून खुपसला होता;
बावीस हिवाळ्यांत तो कागद सरकत सरकत
दोन धाग्यांना टेकला, इतकंच.
तिने चिमट्याने तो ओढला.
यंत्रावरची पायरी गेली.
"गाढव," ती म्हणाली,
आणि कागद फेकायच्या ऐवजी
हातमोज्यात सरकवला.

दुपारी गिरणीच्या आवारात, तिच्या गाडीत,
हीटरची ऊब, स्पिरिटचा वास.
पडद्यावर दोन टोकं आमच्या ओंडक्यांएवढी,
एकमेकांकडे सरकणारी.
मग एक जांभळी ठिणगी,
सेकंदभर, तेवढीच.
सगळ्या कामात डोळ्याला दिसणारा
उजेड तो एवढाच.

किती गळती? पॉइंट शून्य दोन.
पेंटीच्या जोडाची?
तिने वहीत पाहायची गरज नव्हती.
शून्य एक.
वीस वर्षांहून जास्त त्या जोडातून
चाचणीचा एक ठिपका सोडला तर
काहीच गेलं नव्हतं.

चार वाजता पहिला ओंडका यंत्राखालून गेला;
त्याच्या आतल्या गाठींचं चित्र
कायआनीच्या कचेरीत उमटलं,
साल निघायच्या आत.
यालमारी फोनवर ओरडला : आलं!
मी तुओवीकडे पाहिलं. ती वायरी गुंडाळत होती.
काय उजेड पाडलात, असं कुणी आपल्याला विचारलं
तर ती बहुधा खांदे उडवेल.

बिल महिनाअखेरीला आलं.
विजेखाली बसेना, टेलिफोनखाली बसेना.
'इतर'मध्ये टाकलं.

उरले त्र्याऐंशी.
संध्याकाळी घरी जाताना मी हल्ली
रस्त्याच्या डाव्या कडेने चालत नाही.