डावी टाच

राखणदाराच्या पायाचं माप कुणी दिलेलं नाही.
बाप म्हणायचा, अंदाजाने काप,
पण मोठं काप. त्याला चावता कामा नये.
शिगमा सरला की एक जोड:
बैलाचं कातडं, तीन पदरी तळ.
गांवकर ती वडाखाली ठेवतो
रोट, विडी, फेणीच्या बाटलीशेजारी,
आणि गेल्या सालची जोड माझ्या ओट्यावर टाकतो,
झिजलेली.

तो बांधावरून फिरतो म्हणतात,
खांद्यावर कांबळ, हातात घुंगूरकाठी,
मानशीपासून खुरसापर्यंत,
खुरसापासून सातेरीच्या वारुळापर्यंत.
चुकलेल्या पोराला त्याने घरी पोचवलं.
कुर्ल्या चोरणाऱ्याला रात्रभर एकाच शेताभोवती फिरवलं,
उजाडलं तेव्हा माणूस मुका.
वीजखात्याने त्याच्या वाटेत खांब रोवला,
तीनदा रोवला.
आता तारा वळसा घालून जातात.

मी ऐकतो आणि टाच बघतो. धंदाच तो.
दर साल डावी टाच,
बाहेरच्या अंगाने.
गावात तसा चालणारा एकच होता:
रुझार, मानशीची दारं उघडणारा,
लहानपणी दाराखाली पाय सापडलेला.
भरती-ओहोटीला रात्री-अपरात्री बांधावर तोच असायचा,
कांबळ पांघरून.

मी कुणाला बोललो नाही.
बापही बोलला नसावा.
रुझारची बायको पिएदाद एकदा उगाच
सात बांगडे देऊन गेली, पैसे घेईना.
दोघांनीही मान वर केली नाही.

रुझार गेला त्याला दोन पावसाळे झाले.
पुरला तेव्हा पायांत बूट होते,
पोराने कुवेतहून आणलेले.
गेल्या शिगम्याला आलेली जोड त्याचीच,
चार महिने वापरलेली. ती मी धरत नाही.

यंदाची गांवकराने ओट्यावर टाकली.
वर खाजनाचा चिखल, सुकून पांढरा, मिठाचा.
मी उलटी केली.

डावी टाच.
बाहेरच्या अंगाने.

पोदेराचा भोंपू वाजून गेला, पाव घ्यायचे राहिले.
मग नवी जोड पुढ्यात ओढली
आणि डाव्या टाचेखाली
कातड्याचा एक पदर जास्त घातला.