खारं पाणी, वडगाव ते मजगाव

आधी पाणी जाईल, मी म्हटलं.
गाद्या नंतर, देव्हारा नंतर, दळणाचा डबाही नंतर.
आधी ही सहा पिंपं,
झाकणावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर माझं वाकडं अक्षर:
सांडू नये.

टेम्पोवाल्या इराप्पानं एकाचं झाकण उचकटून
बोट बुडवलं, चाटलं, तोंड वेंगाडलं.
'उप्पु!'
मग माझ्याकडे रोखून बघत,
'समुद्र इल्लि एल्लिंद बंतु, मालक?'

कुठून येणार. बादलीतून आला.
पांढरी भुकटी, गाळलेलं पाणी, आणि काटा
नेमक्या रेघेवर थांबेपर्यंत
पाच वर्षं दर रविवारी
चमच्याचमच्यानं कालवत आलो मी समुद्र.
चोर्ल्याचा घाट उतरलं की खरा आहेच,
पण तो माझ्या हातचा नव्हे.

दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळले,
हाताला येईल ते पान, एक मराठी, एक कन्नड;
शाई दोन्हींची सारखीच सुटली बोटांना.
बटणाएवढी प्रवाळं मिटून बसली,
काल जांभळी होती, आज नुसती चामखिळं.
तळाची वाळू ढवळायची नाही, हे पाठ होतं मला,
तरी कोपऱ्यात हात गेलाच,
खालचा काळा थर उघडा पडला
आणि नासक्या अंड्यांचा वास थेट मागांच्या खोलीपर्यंत.
नलिनीनं पदर नाकाला लावला.
'हे पाच वर्षं घरात होतं?'
होतं. दबून होतं.

मागांच्या खोलीत आता माग नव्हते.
चारही गेल्या महिन्यात वजनावर गेले.
फरशीत बोल्टांची सोळा भोकं,
त्यांत तेल, तेलात सुताची कुसं.

मासे थर्माकोलच्या खोक्यात, खोकं माझ्या मांडीवर.
दोन नारिंगी, एक कोळंबी,
आणि तो शंखातला खेकडा,
घर पाठीवरच असल्यानं
ज्याला या सगळ्याचं सोयरसुतक नाही.

अनगोळ संपलं आणि गेट पडलं.
इराप्पानं इंजिन बंद केलं.
सेलवरचा छोटा पंप तेवढा खोक्यात बुडबुडत राहिला.
शेजारच्या स्कूटरवरचा पोरगा वाकून म्हणाला,
'काय मामा, आईस्क्रीम?'
'मासे.'
'आज सोमवार हो!'
मालगाडी होती. डबे मोजायचे नाहीत असं ठरवूनही
मी बेचाळीसपर्यंत मोजले.

दुसरा मजला. टाकी सरळ आहे का ते
वाटीत पाणी घेऊन बघितलं.
काच, वाळू, दगड, पाणी, मग हीटर,
मग खारटपणा, परत खारटपणा,
मग सगळ्यांत शेवटी ते.
रात्री अकराला जेवलो. दिवा लावला नाही.

तीन दिवस कुणी बाहेर आलं नाही.
दाणे तरंगत राहिले, मग बुडाले.
पाणी तेच, दगड तेच, काटा त्याच रेघेवर.
मी काचेला कान लावला
तर माझंच रक्त ऐकू आलं.
इतकी शांतता त्या टाकीनं कधी ऐकलीच नव्हती.
जन्मभर तिच्या पाण्यावर
बारा तास बारीक काटा उठायचा,
भिंतीपलीकडून, धोट्याच्या प्रत्येक फेरीला.

चौथ्या दिवशी टेबलापाशी बसलो,
बोटांच्या पेरांनी लाकडावर सुरू केलं,
खट्याक खट्, खट्याक खट्,
आधी चुकत, मग हात आपोआप बसला.
पाणी शहारलं.
दगडाच्या फटीत एक नारिंगी तोंड.
थांबलो की आत. वाजवलं की बाहेर.
नलिनी समोर येऊन बसली,
काही न बोलता तिनंही दुसऱ्या बाजूनं धरलं.
दोन मागांचा आवाज झाला.

तेवढ्यात बेल. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी,
लुंगी सावरत, झोपमोड झालेल्या डोळ्यांनी:
'घरात माग बसवलात की काय हो?'

'नाही,' नलिनी म्हणाली, 'मासे जेवतायत.'